मूठभर साळ

मी एक पिशवी बोलतेय. हसू नका. तांदळाची म्हणा नाहीतर देवाची म्हणा, दोन्ही खरं आहे. दक्षिण कोरियातल्या एका गावात, मानसोकच्या स्वयंपाकघराच्या दारालगत, आतल्या खिळ्याला मी लटकते.

मला शिवलं ते मानसोकच्या बायकोनं, दालसूननं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिनं आपल्या लग्नाच्या जाकिटाचं अस्तर उसवलं, त्याला दुहेरी टीप घातली आणि माझ्या पोटावर निळ्या दोऱ्याचा क्रूस काढला. क्रूसाचा एक हात जरा आखूड राहिला, कारण दोरा संपला. मला त्याचं काही वाटत नाही, पण पाहुणे न्याहाळायला लागले की मी हळूच भिंतीकडे वळते.

आमच्या चर्चच्या बायकांची एक रीत होती. भातासाठी तांदूळ काढले की धुण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक चमचा बाजूला काढायचा, त्या माणसासाठी दोन शब्द प्रार्थना करायची आणि तांदूळ पिशवीत टाकायचे. रविवारी पिशवी चर्चमध्ये रिकामी व्हायची. त्यावर पाळकांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, चूल पेटायची आणि गावातल्या एखाद्या निराधार बाईचीही. दालसूनचे चार चमचे असत. सासूचा, नवऱ्याचा, लेक इनसुकचा आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा.

मानसोक चर्चची पायरी चढणाऱ्यातला नव्हता. तांदूळ माझे आणि ढेकर पाळकाची, असं तो चारचौघांत म्हणायचा. एकदा अंगणातूनच त्यानं बायकोला बजावलं, “माझ्या नावाचा चमचा घालू नकोस. तुझ्या देवाची आणि माझी ओळख नाही.”

“त्याची तुमच्याशी आहे,” दालसून म्हणाली आणि चमचा माझ्यात रिकामा केला.

इनसुक एकोणीस वर्षांची झाली आणि मानसोकनं तिचं लग्न गिरणीवाल्याच्या मुलाशी ठरवलं. तिला विचारलं नव्हतं. एके दिवशी सकाळच्या बसनं ती निघून गेली, राजधानीला, सोलला, कुठल्याशा कारखान्यात. गिरणीवाल्याला दिलेला शब्द मोडला, मानसोकची मान खाली गेली. त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, “आता या घरात तीनच माणसं. तिचं नाव इथे निघता कामा नये.”

आणि तिथेच तो फसला. आमच्या गावात बायकोला नावानं कोण हाक मारतं? लेक झाल्यापासून तो दालसूनला ‘इनसुकची आई’ म्हणत आलेला. आता लेकीचं नावच बंद केलं, तर बायकोला बोलवायचं कसं? मग तो नुसता खाकरायला लागला. पाणी हवं, खाकरला. बैल सुटला, खाकरला. सुरुवातीला मला फार हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

दालसून चारच चमचे काढत राहिली. लेकीच्या चमच्याला फक्त ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. इनसुकची पत्रं पाळकांच्या पत्त्यावर यायची आणि दालसूनच्या बायबलमध्ये घडी होऊन राहायची. पाळकांची बायको, आमच्या पाळकबाई, म्हणाल्या, अहो, बोलावून घ्या की पोरीला गुपचूप. दालसूननं मान हलवली. “मी बोलावलं तर ती मागच्या दारानं येईल, चोरासारखी. तिला तिच्या बापानंच बोलवायला हवं.”

तीन वर्षं गेली. एका रविवारी मला रिकामं करताना पाळकबाईंचा हात थांबला. “दालसूनताई, तांदळात साळ कशी आली हो?” तांदळात मूठभर दाणे टरफलासकट होते. दालसून लाजेनं लाल झाली. चर्चला असे तांदूळ देणारी बाई आळशी ठरते.

मला सगळं ठाऊक होतं, पण पिशवीला तोंड असून जीभ नसते. त्या आठवड्यापासून पहाटे बैलाला वैरण घालायला जाताना मानसोक दाराशी थांबायचा. स्वयंपाकघरात पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे आई मुलाला चालायला शिकवतानाच शिकवते. उंबऱ्याबाहेरून हात लांबवला की मी त्याच्या हाताला लागत होते, तांदूळ मात्र आत कोपऱ्यात. तिथल्या पाच रांजणांपैकी कशात काय, हे त्या बाबाला जन्मात माहीत नव्हतं. त्याला ठाऊक होती ती गोठ्यावर टांगलेली बियाण्याची साळ. त्यातलीच चिमूट चिमूट तो रोज माझ्यात टाकायचा. टाकताना दोनच शब्द पुटपुटायचा, आणि त्यातला एक इनसुक असायचा.

घरी येऊन दालसूननं ते दाणे तळहातावर घेतले. बियाण्याच्या साळीला या घरात फक्त एकच माणूस हात लावत होता. ती कितीतरी वेळ चुलीपुढे बसून राहिली. धावत जाऊन त्याला बोलतं करावं, असं तिला नक्की वाटलं असणार. पाळकबाईंनी तोच सल्ला दिला, तेव्हा ती म्हणाली, “विचारलं की हात मागे घेतील. येऊ दे त्यांना त्यांच्या चालीनं.”

तेव्हापासून दर शनिवारी ती मला सुपात ओतायची, नवऱ्याचे दाणे एकेक करून वेचायची, छोट्या उखळात कांडायची आणि तांदूळ करून परत माझ्यात घालायची. आठ वर्षं हे चाललं. बोटांचे सांधे सुजले, तरी एक शनिवार चुकला नाही. तिला लेक हवी होती, पण नवऱ्याला शरमिंदा करून नको होती.

नवव्या वर्षी एका शनिवारी मानसोक शेतावरून लवकर परतला. दालसून अंगणात उखळाशी बसली होती, शेजारी सुपात त्याच्या साळीचा छोटासा ढीग. तो खांद्यावरचं फावडं तसंच धरून उभा राहिला. ती दचकली, मग खाली मान घालून कांडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात आला. खाकरला. ती पाणी घ्यायला वळली.

“इनसुकच्या आई,” तो म्हणाला, “तांदळाचा रांजण कोणता?”

दालसूनच्या हातातली पळी खाली पडली. तिनं बोट दाखवलं. मानसोकनं उंबरा ओलांडला, चमचा भरला आणि निम्मे तांदूळ जमिनीवर सांडत माझ्यापर्यंत आणला. मग माझ्याकडेच बघत म्हणाला, “तिचा पत्ता असेलच तुझ्याकडे.”

त्या शरदातल्या सणाला इनसुक पुढच्या दारानं आली, नवरा आणि तान्ह्या मुलीसह. बाप तिच्याशी फारसं बोलला नाही. मासळीचे काटे काढून काढून तिच्या वाटीत ठेवत होता.

त्यालाही आता किती वर्षं झाली. सासू तर कधीच गेली, दालसूनला जाऊनही चार हिवाळे उलटले. मी विरत चाललेय, निळा क्रूस जवळजवळ पांढरा झालाय. हल्ली चर्चमध्ये तांदूळ कोणी आणत नाही, तरी रविवारी मानसोक काठी टेकत मला स्वतः घेऊन जातो. परवा तरुण पाळकांनी विचारलं, रोज किती चमचे घालता? तीन, तो म्हणाला. लेकीचा, माझा आणि तिच्या आईचा.

“आजोबा, आजी प्रभूपाशी सुखात आहेत,” पाळक हळूच म्हणाले. “त्यांच्या नावाचा नाही घातला तरी चालतं.”

“मी घरात असून नसल्यासारखा होतो,” मानसोक म्हणाला, “तेव्हा तिनं माझा एकही चुकवला नाही.”

पाळकांनी मग मला दोन्ही हातांनी घेतलं.

माझं एकच मागणं आहे. मी फाटले की मला फेकू नका, तो जाईल तेव्हा त्याच्यासोबत तिच्या कबरीशेजारी ठेवा. त्या सुजलेल्या बोटांची मला फार आठवण येते. रोज सकाळी तिच्या नावाचा चमचा सगळ्यात शेवटी पडतो. मानसोक म्हणतो, “इनसुकच्या आई,” आणि रांजणांच्या कोपऱ्याकडे बघत थोडा थांबतो. मीही थांबते.