चाऱ्याचा वाटा

चंदरने आणलेला प्लॅस्टिकचा मासा कोळंबीच्या चाऱ्याऐवजी चालला, तर अंजनाबाईचा फायदा महिन्याला पंचावन्न तासांचा होता. भांगाचे, म्हणजे पाणी नीट न उतरण्याचे दिवस सोडले तर महिन्याच्या बावीस ओहोट्या, आणि दर ओहोटीला अडीच तास. एवढे तास गुडघाभर चिखलात वाकून हातजाळं फिरवायचं नाही, जिवंत कोळंबी ओल्या गोणपाटात घालून होडीशी धावायचं नाही, तिवरांच्या खुंटांनी पाय फाडून घ्यायचे नाहीत. साठीला टेकलेल्या बाईला देवाने आणखी काय द्यायचं? वेसाव्यात ज्याने त्याने तिला हेच विचारलं, आणि विचारणाऱ्याच्या तोंडावर असं समाधान, की जणू ते तास त्यानेच आपल्या खिशातून काढून दिले होते.

अंजनाबाई फक्त म्हणाली, "बरं."

तिचा धाकटा दीर हरेश्वर खाडीच्या तोंडाशी गरीने जिताडे धरायचा. जिताडा मोठा मानी. मेलेल्या चाऱ्याकडे ढुंकून बघायचा नाही. कोळंबी जिवंत हवी, गरीवर तडफडणारी हवी. नवरा गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, ती कोळंबी अंजनाबाई पुरवत होती. मासळीचे तीन वाटे पडायचे: एक होडीचा, एक गरीचा, एक चाऱ्याचा. पहिले दोन हरेश्वरचे, तिसरा हिचा. तो वाटा पाटीत घालून ती अंधेरीच्या बाजारात आपल्या जागेवर बसायची. जागा म्हणजे दोन हातांची फरशी. पण त्या फरशीवर ती कुणाची विधवा वयनी नव्हती, मासळीवाली होती. पाटी रिकामी राहिली की जागा रिकामी, आणि रिकामी जागा शेजारणीच्या डोळ्यांत भरायला दोन दिवस पुरतात.

चंदर हा हरेश्वरच्या बहिणीचा मुलगा. मरोळच्या कारखान्यात कामाला, लग्न झालेला, खाडीत पाय न घालणारा. त्याच्याबरोबरच्या एका कामगाराचा भाऊ बोटीवर होता. त्याने सिंगापूरहून प्लॅस्टिकचे तीन मासे आणले ते चंदरने घेतले. वीतभर लांब, पाठ निळी, पोट चांदीचं, पोटाखाली तीन-तीन काट्यांच्या गऱ्या. दोरी ओढली की पाण्यात असा वळवळायचा, की खऱ्या माशाने लाजावं.

पहिल्याच दिवशी दोन जिताडे लागले. हरेश्वरने वाटे घातले आणि सवयीने तिसरा अंजनाबाईच्या पाटीकडे सरकवला.

"मामा, तो माझा," चंदर म्हणाला.

"तुजा कसा रं?"

"ज्याचा चारा त्याचा वाटा. मामींचंच बोलणं हाय."

बोलणं तिचंच होतं. दोन वर्षांपूर्वी ती तापाने आठवडाभर पडली, तेव्हा कोळंबी चंदरच्या आईने धरली. हरेश्वरने कीव येऊन वाटा मात्र हिच्याकडे पाठवला. हिने तो तसाच परत धाडला. "मी तापात व्हते, खाडीत नव्हते. ज्याचा चारा त्याचा वाटा." सगळ्या आळीने तोंडभर कौतुक केलं होतं. कौतुकाचं असं असतं. घेताना फुकट वाटतं.

"बरोबर बोलतं पोर," अंजनाबाई म्हणाली आणि रिकामी पाटी उचलून घरी गेली.

हरेश्वरची बायको सगुणा संध्याकाळी झाकलेलं ताट घेऊन आली. "जाऊबाय, दोन तुकडे ठेवलेत."

"खायला देतेस की पाटीत घालायला?"

"म्हंजे?"

"खायला एक पुरं. पाटीत घालायला दोन पुरत नाय." तिने एक तुकडा ठेवून घेतला आणि ताट परत केलं.

मग ते पंचावन्न तास सुरू झाले. पहिल्या आठवड्यात पायांच्या भेगा भरून आल्या. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की ओहोटी लागली की अंगाला कळतंच; मग दारात बसून उतरणारं पाणी बघायचं. चिखलात ती थकायची ते झोपेने फिटायचं. हे थकणं कशानेच फिटत नव्हतं. बाजारात ती घरचे चार सुके बोंबील मांडून बसली. शेजारणीने पहिल्या दिवशी चहा पाजला, तिसऱ्या दिवशी आपली पाटी वीतभर इकडे सरकवली. "तुला कुठं एवढी जागा लागतंय आता, गो," ती अगदी प्रेमाने म्हणाली.

महिना भरायच्या आत चंदरचे दोन मासे गेले. जिताडे तिवरांच्या मुळ्यांत दबा धरून असतात, म्हणून हरेश्वर गरी तिथेच टाकायचा. एक मासा मुळ्यांत अडकला तो निघालाच नाही. दुसरा जिताड्याने नेला. त्याच्या कल्ल्यांना धार असते, दोरी सुरीने कापावी तशी गेली.

चंदर भांडायला आला तो थेट अंजनाबाईच्या ओट्यावर, हरेश्वरला पुढे घालून. नियम तिचा, निवाडा तिनेच करायचा.

"मामी, दोन मासे मामांच्या हातून गेले. भरून कुनी द्यायचे?"

"कोळंबी जिताड्याने तोडून नेली तर मना कोन भरून देत व्हता?"

"तुमची कोळंबी खाडीतून फुकट येतंय. माझा मासा सिंगापूरहून येतो."

"फुकट," अंजनाबाई म्हणाली. तिने लुगडं जरा वर घेऊन गुडघे दाखवले. "ह्यांना इचार, फुकट का ते. चारा गेला तर चारेवाल्याचा गेला. वाटा घेताना नियम चालला नं तुला?"

हरेश्वर दुसरीकडे बघत होता. चंदर ओट्यावरून उठला. मग म्हणाला, "मंग तिसरा मी देतच नाय. कपाटात ठेवतो. पोरं खेळतील."

इथे अंजनाबाईने गप्प बसायला हवं होतं. चंदर गेला असता, कोळंबी परत आली असती, वाटा परत आला असता. पण महिनाभर भरून आलेल्या पायांनी तिला भलतंच सुचवलं. मासा आपला, तर चारा आपला. चारा आपला, तर वाटा आपला. आणि चिखल कुणाचाच नाही.

"इकतोस?" तिने विचारलं.

चंदर हुशार. त्याने पैसे मागितले नाहीत, म्हातारीकडे ते नसतात. त्याने पोटमाळ्याकडे बघितलं. तिथे तिने पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं पोतं होतं: बोंबील, सोडे, जवळा. होड्या बंद झाल्या की तीन महिने तेच खायचं.

"अर्धं," ती म्हणाली.

"सिंगापूर, मामी."

पोतं अख्खं गेलं. ते खांद्यावर चढवायला हरेश्वरनेच हात दिला.

दुसऱ्या दिवसापासून हरेश्वर वयनीचा मासा घेऊन खाडीत जायचा आणि हात हलवत परत यायचा. पाच दिवस झाले. सहाव्या दिवशी ती स्वतः काठावर जाऊन उभी राहिली, आणि तिला कळलं. तो मुळ्यांकडे पाठ करून मोकळ्या पाण्यात टाकत होता. तिथे दोरी अडकायची भीती नव्हती, आणि जिताडाही नव्हता.

"मुळांत टाक की रं," ती काठावरून ओरडली.

"अडकला म्हंजे?"

"अडकू दे."

"चंदरचा व्हता तवा अडकू दिला, वयनी. तुजा कसा अडकू दिऊ? पोतं गेलंय तुजं."

"वाटा कशाचा घेऊ मंग? पान्याचा?"

हरेश्वरने ऐकल्यासारखं केलं. एकदा मुळ्यांच्या दिशेने टाकलाही, चार हात अलीकडे. मासा अलगद ओढून घेतला, पुसला आणि होडीत फडक्यावर ठेवला. आयुष्यात त्याने होडीत कुठलीच गोष्ट इतकी जपून ठेवली नव्हती. असल्या माणसाशी भांडताही येत नाही. तो चांगुलपणाने उपाशी मारतो.

ती आणखी चार दिवस थांबली. मग म्हणाली, "उद्यापासनं कोळंबी."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्याचं तिला दिसलं. कोळंबी त्याने बिनधास्त मुळ्यांत टाकली. दुसऱ्याच दिवशी सहा शेरांचा जिताडा लागला. वाटा तिच्या पाटीत पडला. बाजारात शेजारणीने पाटी मागे घेतली, पुरती नाही, पण घेतली.

आषाढात होड्या बंद झाल्या तेव्हाचा जमाखर्च असा. चंदरचे दोन मासे गेले, पण महिन्याभराचे वाटे आणि अख्खं पोतं आलं. त्याच्या घरी रोज सोड्यांचा वास होता. हरेश्वरचे दहा दिवस कोरडे गेले, त्याबदल्यात वयनीला जपल्याचं नाव झालं. शेजारणीला चार बोटं फरशी कायमची मिळाली. आणि पोटमाळा रिकामा म्हणून अंजनाबाई भर पावसात, दर ओहोटीला अडीच तास, चिखलात वाकून रात्रीच्या कालवणापुरती कोळंबी धरत होती. ती विकायची नव्हती, तिचा वाटाही कुणाला द्यायचा नव्हता.