सतरा तारीख

राणेबेन्नूरच्या बियाणं कचेरीत कोट्रप्पा कारकून म्हणजे बावन्न वर्षांचं वांड पोर. साहेबाच्या चहात मीठ टाकून वर "साखर महागली, सर" म्हणणारा. पण त्या दिवशी तिम्मव्वा समोर उभी राहिली आणि थोड्याच वेळात त्याची थट्टा संपली.

गोदामातला भीमप्पा नऊ ऑगस्टला गेला होता. तिम्मव्वा त्याची पोरगी. नोकरीत असताना बाप गेला तर पोराला नोकरी मिळते, त्या आशेनं ती अर्ज घेऊन आली होती. आंधळ्या आईला बाहेर बाकावर बसवून.

"काका, साहेब म्हणतात बाप रिटायर होऊन मेला. एकतीस जुलैलाच."

"बरोबर आहे की. शाल मीच घातली."

"पण जन्म सतरा ऑगस्टचा. मग ऑगस्टअखेर सुटायचा ना?"

कोट्रप्पानं कॉम्प्युटरवर यादी उघडली. भीमप्पा, एक ऑगस्ट. खाली चन्नव्वा, एक मार्च. फकीरप्पा, एक मे. दोनशे बारा माणसं, झाडून सगळी एक तारखेला जन्मलेली.

मग आठवलं. जानेवारीत बेंगळुरूहून हुकूम आला होता, जन्माचं फक्त वर्ष आणि महिना पाठवा. यानं फॉर्म्युला लावून दिवस छाटले. वेगळा कॉलम कोण करत बसतंय, म्हणून जुन्यावरच चिकटवले आणि सेव्ह करून पान खायला गेला. मार्चमध्ये वरून पूर्ण तारीख मागितली, तेव्हा मशीननं आपल्या मनानं प्रत्येकाला एक तारीख लावली. कुणाला खटकलं नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्धा तालुका एक जूनला जन्माला घातलाय, खुद्द कोट्रप्पाही त्यातलाच. आणि एक तारखेचा माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो, हा सरकारी नियम.

भीमप्पानं विचारलं होतं. खांद्यावर शाल, हातात फळांची पिशवी. "कोट्रा, माझा अजून एक महिना आहे ना रे?"

"अण्णा, सरकारला तुझं तोंड बघवेना झालंय."

सगळी कचेरी हसली होती. भीमप्पाही.

कोट्रप्पानं जुनं सर्व्हिस बुक हुडकून काढलं. सतरा तारीख शाईनं लिहिलेली, स्वच्छ. ते घेऊन तो साहेबाकडे गेला.

"सर, चूक माझी. लिहून देतो."

साहेबानं पान पाहिलं. "एक दुरुस्त केला तर दोनशे बारा करावे लागतील. महिनाभर आधी घरी धाडलेले सहा जण उद्या दारात येतील. त्यांच्या ऑर्डरवर सही कुणाची?"

कोट्रप्पानं पानावरच्या सतरा तारखेवर बोट ठेवलं.

"माझी. आणि मला दोन वर्षं राहिलीत."

"सर, पोरीचं…"

"तुझी किती राहिलीत, कोट्रप्पा?"

साहेबानं बुक कपाटात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. कोट्रप्पानं किल्लीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि बाहेर आला.

"नाही होत, पोरी."

तिम्मव्वा थोडी हसली. "काका, आज थट्टा नको."

"थट्टा नाही ग."

"बापाला पण असंच म्हणायचात तुम्ही."

बाकावरून आईनं विचारलं, "काय म्हणतोय कोट्रा?"

"थट्टा करतोय," ती म्हणाली, आणि अर्ज मांडीवर ठेवून आईशेजारी बसली, तो खरं सांगेपर्यंत.