शनीच्या चंद्रावर उतरवलेला टोप

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, डोक्यात घालायचा आहे आणि आता जुना झालो आहे. मी अवकाशवीराचा टोप. खरा अवकाशवीर मी कधी पाहिला नाही, पण आमच्या जऊळका गावच्या रंगमंचावरून मी चंद्रावर गेलो, मंगळावर गेलो, शुक्राच्या उकाड्यातूनही परत आलो.

माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी रेडिओवर आली, त्याच्या पुढच्या वर्षी माझा जन्म झाला. शाळेतल्या नानाजी गुरुजींनी 'ग्रहांवर स्वारी' नावाचे नाटक लिहिले. किराणा दुकानाच्या पदमचंद शेठजींनी गोडेतेलाचा रिकामा डबा दिला. कंदील दुरुस्त करणाऱ्या दौलतसिंगने तो कापला, ठोकून गोल केला, सांधे डाख देऊन जोडले आणि समोर तसबिरीची काच बसवली. श्वास कोंडू नये म्हणून त्याने मागच्या बाजूला खिळ्याने भोके पाडली. रुपेरी रंग वाळला तेव्हा मी स्वतःलाच ओळखले नाही.

मला घालणारा कॅप्टन म्हणजे इंद्रभान. कापूस आणि तूर पिकवणारा शेतकरी, आवाज खणखणीत. नाटक इतके गाजले की दरवर्षी जत्रेत त्याचा नवा भाग होऊ लागला. इंझोरीच्या बैलगाड्या येत, मेडशीची माणसे एसटीने येत. ग्रह बदलत, राक्षस बदलत, कॅप्टन मात्र तोच राही. चंद्रावर हवा नाही, टोप काढला की माणूस गुदमरतो, ही गोष्ट नानाजींनी पहिल्याच भागात सांगितली होती. ती आसपासच्या गावांत लहान मुलांनाही पाठ झाली.

मित्रांनो, माझे फार कौतुक झाले. दसऱ्याला नांगर, विळ्यांबरोबर मलाही हळदकुंकू लागे. प्रयोगाचा पडदा पडला की इंद्रभान घामाने निथळत मला काढी आणि डोक्यावर पाणी घ्यायला विहिरीवर पळे. तेवढ्यात पदमचंद शेठजी हार घेऊन मंचावर येत. कॅप्टन जागेवर नसे, म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी हार खुर्चीवर ठेवलेल्या मलाच घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे तीच रीत पडली.

मी फुशारलो होतो. माझ्या काचेवर गॅसबत्तीचा उजेड पडे आणि प्रेक्षकांना काचेत ती बत्तीच दिसे. मागचा चेहरा कुणालाच दिसत नसे. मला हे ठाऊक होते, पण त्याचे काही वाटत नव्हते.

मग एका वर्षी अमरावतीकडच्या एका नाटक कंपनीचे मालक प्रयोग पाहायला आले. मंगळाचा राजा झालेल्या बबनरावांचे काम त्यांना आवडले आणि ते त्यांना घेऊन गेले. बबनराव पुढे कधी वकील, कधी सासरा होऊन गावोगाव मंचावर उभे राहू लागले. मालकांनी कॅप्टनलाही भेटायचे म्हटले होते. तेव्हा कुणीतरी मला उचलून त्यांच्यापुढे ठेवले. ते हसले आणि गाडीला निघून गेले.

त्या दिवशी इंद्रभान घरी जेवला नाही. त्याची बायको सोजरबाई म्हणाली, "येवढ्या वर्षांत तुमचं तोंड एकली मीच पायतो. आन् तेही असं फुगलेलं."

"मले बी कंपनीत जायचं हाय," इंद्रभान म्हणाला.

"मंग तोंड दाखवा न लोकाईले. डबा कायले दाखवता?"

मी खुंटीवरून ऐकत होतो. डबा हा शब्द मला लागला. पण तिचे खरे होते.

सत्त्याहत्तर साली कंपनीचे मालक पुन्हा येणार असल्याचा निरोप आला. भाग होता शनीच्या चंद्राचा. शनी म्हणताच अर्धे गाव आधी मारुतीला तेल घालून आले. तालमीत इंद्रभानने सरळ मागणे घातले. नाटकात शेवटी दौलतसिंगचा, म्हणजे कॅप्टनच्या सोबत्याचा टोप फुटतो आणि पृथ्वीवरून मदत येते, असे नानाजींनी लिहिले होते.

"गुर्जी, मदत नोका आनू. मी माहा टोप त्याले देतो आन् मरतो."

शेठजींच्या हातातला अडकित्ता थांबला. "कॅप्टन मेला तं पुढच्या साली काय दाखवू लोकाईले? मयत?"

"दुसरं नाटक दाखवा, शेठजी."

"दुसरं पायाले मेडशीचं कुत्रं येनार नाई. येडा झाला काय बे?"

नानाजी शेठजींच्या बाजूचे झाले. मदत येणार, कॅप्टन जगणार, असेच ठरले.  घरी आल्यावर इंद्रभानने मला मांडीवर घेऊन स्वच्छ पुसले. 

जत्रेचा दिवस आला. कंपनीचे मालक पहिल्या रांगेत बसले. शेवटचा प्रवेश सुरू झाला, दौलतसिंगचा टोप फुटला. तो छाती धरून खाली बसला. आता मदतीची घंटा वाजायची. तिच्या आधीच इंद्रभानने दोन्ही हात माझ्या कडांना लावले.

"काढू नोको," मुलांतून आवाज आला. "तिथी हवा नाई."

पडद्यामागून नानाजी दबक्या आवाजात म्हणत होते, "इंद्रभान, घाल. घाल तो."

त्याने मला उचलले, दौलतसिंगचा फुटका टोप काढला आणि मला त्याच्या डोक्यावर ठेवले. आता मंचावर मी पहिल्यांदाच इंद्रभानला समोरून पाहत होतो. त्याच्या गालावर माझ्या कडेचा लाल वळ होता. त्याने एकदा श्वास घ्यायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. मग प्रयत्न सोडला आणि वर पाहिले, जणू आपले घर नक्की कुठल्या बाजूला आहे ते शोधत होता. तो गुडघ्यांवर आला, आडवा झाला. नानाजींनी मदतीची घंटा वाजवली नाही. 

मग इंझोरीची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अवो, हा तं उकंडरावचा पोरगा, इंद्रभान हाय."

नाव एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेले. कंपनीच्या मालकांनी वळून पाहिले आणि तेच नाव पुन्हा विचारून घेतले.

'ग्रहांवर स्वारी' तिथेच संपली. शेठजी बरेच दिवस इंद्रभानशी बोलले नाहीत. कापसाची वेचणी संपली की इंद्रभान कंपनीत जातो आणि पेरणीला परत येतो. त्याने आंधळ्या बापाचे काम केले, हवालदाराचे केले. कंपनी जवळपास आली की सोजरबाई पहिल्या रांगेत बसते.

मी माळ्यावर आहे. काच तडकली, डाख सुटत चालला. मला आता कुणी हार घालत नाही. कोरडे ठेवले आणि पावसाळ्याआधी फडक्याने पुसले, तर पत्रा पुष्कळ टिकतो, एवढे तुम्हीही आपल्या घरच्या जुन्या वस्तूंसाठी करा. आणि मित्रांनो, तुमच्या गावात नाटक होईल, त्यात कुणीतरी वाघाच्या किंवा राक्षसाच्या मुखवट्यात असेल. टाळ्या वाजवून लगेच घरी जाऊ नका. पडद्यामागे जा. तो घाम पुसत असेल. त्याचे नाव विचारा.