अण्णांचा खांदा

वारलेल्या माणसाकडून लग्नात आशीर्वाद घ्यायचं नवं खूळ आमच्या भोकरदन तालुक्यातही पोचलंय. अक्षता पडल्या की कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर कुणाचे आजोबा, कुणाचे वडील हात वर करतात आणि बाया डोळ्यांना पदर लावतात. माझ्या भावाला, शिवशंकरदादाला, स्वतःच्या लग्नात तेच हवं होतं. थ्रीडी ॲनिमेशन हे माझं पोटापाण्याचं काम, तेव्हा वारलेल्या वडलांना, अण्णांना, पडद्यावर उभं करायचं माझ्याकडेच आलं. मी खुशीनं हो म्हणाले.

आमच्या अण्णांनी जन्मभर मेंढरं राखली. डाव्या खांद्यावर घोंगडं नाही असा त्यांचा एक फोटो सापडायचा नाही. चेहरा जमला, पण मी जीव ओतला तो घोंगड्यात. काळी लोकर, जाडीभरडी वीण, चालताना बसणारा झोका. आईला लॅपटॉपवर दाखवलं तर तिनं पडद्यावरून हात फिरवला. "काट्यात फाटल्तं तिथं ठिगळ व्हतं," म्हणाली, "तेवढं न्हाई टाकलं तू." मी तेही टाकलं.

दादानं पाहिलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. सासरची मंडळी संभाजीनगरची, सासरा प्राचार्य. त्यांना यानं वडील बागायतदार होते असं सांगून ठेवलेलं. म्हणून घोंगडं काढ म्हणाला. मी सरळ नाही म्हटलं. तो चिडला, मी त्याहून चिडले. ज्या मेंढरांच्या जिवावर हा इंजिनियर झाला, त्यांच्या लोकरीची याला लाज वाटावी? पुढे लग्न तोंडावर आलं तेव्हा गोड बोलत आला. राहू दे घोंगडं, पण पडद्याच्या मापात बसवायला पडदेवाला प्रितम मूळ फाईल मागतोय, म्हणाला. सख्खा भाऊ म्हणून मी विश्वासानं दिली.

लग्न राजूरला लागलं. मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या, दिवे मंद झाले आणि पडद्यावर अण्णा आले. घोंगडं नव्हतं. घोंगड्याखाली अण्णाही नव्हते. डावा खांदा, दंड, छातीची एक बाजू, काहीच नाही. तिथून आरपार मागचं आभाळ दिसत होतं. आमच्या कामात कपड्यानं झाकलेलं अंग खोडूनच टाकतात, नाहीतर हालचालीत कातडी कापडातून बाहेर डोकावते. या दोघा दीडशहाण्यांना वाटलं, घोंगडं लपवलं की खाली पांढरा सदरा असणारच. अर्ध्या अंगाचे अण्णा हसत हसत उजवा हात वर करत होते. पाहुण्यांच्या रांगांतून आधी कुजबुज आली, मग हसू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जाऊन पडद्याची वायरच उपटली. दादा मुंडावळ्या सावरत धावत आला.

"मनीषा, तुझ्याकडची बराबर फाईल लाव, जल्दी. घोंगड्यासकट लाव. लोकं हसून राह्यले."

"लावते. आधी माईकवर सांग. माझा बाप मेंढरं राखायचा अन् घोंगडं मी काढायला लावलं, असं सांग."

त्यानं सासऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि माईककडे चालू लागला. मला वाटलं, सांगतो आता. तेवढ्यानंच माझा राग अर्धा उतरला.

"तांत्रिक अडचणीमुळे हा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे," तो म्हणाला. "सर्वांनी जेवण करूनच जावे." शब्द न् शब्द स्वच्छ, पुस्तकी. मला तो माईक त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

आई पुढच्याच रांगेत बसली होती. तिनं मला जवळ ओढलं. "तांत्रिक अडचण म्हंजी काय गं?"

"आपले अण्णा," मी म्हणाले.

थोड्या वेळानं नवरानवरी पाया पडायला आली. आईनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, तिची अलाबला घेतली. मग दादा वाकला, तेव्हा तिनं दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.