आजींच्या ताटलीतला रबरी बटाटा

मी एक जुना रबरी बटाटा आहे. मित्रांनो, हसा खुशाल, मला सवय आहे. साच्यातून निघालो, अंगावर तपकिरी रंग चढला आणि रबरी मासा, वाटाणे, अर्धं सफरचंद यांच्यासोबत एका पेटीत बसलो. आहारशास्त्र शिकलेल्या ताईने ती पेटी इस्पितळातल्या पहिल्या नोकरीसाठी घेतली.

तिच्या वर्गातली एक मैत्रीण खेळाडूंचा आहार ठरवायला गेली, एक शाळांची स्वयंपाकघरं सांभाळायला, एक डबाबंद अन्न तपासायला. ताईच्या आत्याला मात्र यातलं काहीच पटेना. "एवढं शिकून लोकांना 'जेवा' म्हणायचं? ते मी फुकट म्हणते की!"

ताई मला तळहातावर घेऊन रुग्णांना दाखवायची, "निदान एवढं तरी पोटात जाऊ दे." एकाने तर मला चावूनच पाहिलं. दातांची खूण अजून आहे. पण तेव्हा मला मान होता.

मग एक आजोबा आले. आजी गेल्यापासून सुकत चालले होते. दर खेपेला वजन उतरलेलं. शेवटी ताईने मलाच त्यांच्या हाती दिलं. "जेवताना समोर ठेवा, आठवण राहील."

आजोबांनी मला आजींच्या जागेवर, आजींच्या ताटलीत ठेवलं. "घे, सुरू कर," म्हणायचे आणि वाट बघायचे. मी कसा सुरू करणार? मग तेही दोन घास चिवडून उठायचे.

तेवढ्यात ताईला बिस्किटांच्या कारखान्यात मोठी जागा मिळाली. इस्पितळ सोडण्याआधी ती मला न्यायला आली, ती नेमकी जेवणाच्या वेळी. ताटली पाहून थबकलीच.

"आजोबा, याला वाढलंय?"

"सोबत म्हणून गं. बोलत नाही, पण उठूनही जात नाही."

ताईने मला उचलून बाजूला ठेवलं आणि त्या जागेवर बसली. "मला वाढा. भूक लागलीय."

त्या दिवशी आजोबांनी न सांगता दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

कारखान्याला ताईने 'नाही' असं कळवलं. आता ती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाते, त्यांच्या जेवणाच्या वेळेला.

"म्हणजे शिकून सवरून लोकांकडे जेवायला जातेस?" आत्या विचारते.

"हो," ताई म्हणते.

पेटी ती नेत नाही. मी खणात असतो. वाटाणे हरवले, मासा फाटला. अंधारात कधी कधी वाटतं, कुणीतरी म्हणतंय, "घे, सुरू कर."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. तुमच्या घरात कुणी एकटं जेवत असेल, तर त्यांच्यासमोर जाऊन बसा. भूक नसली तरी एक घास घ्या. मला तेवढंच जमलं नाही.