ओल्या पत्र्यावरचा रंग

भालचंद्र नलवडेच्या हाताखालून गेलेल्या गाडीला गंज लागत नाही, असं मारुतराव जगदाळे साऱ्या दिल्लीला सांगत सुटला होता. गाझीपूरच्या मासळी मंडीत सांगायचा, सीएनजीच्या रांगेत सांगायचा, मयूर विहारच्या आपल्या सोसायटीत तर कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. आणि गेले दहा महिने भालचंद्राची गत अशी, की हे कौतुक कानावर पडलं की ताटावरून उठून जावंसं वाटे.

दोघे फौजेतल्या एकाच युनिटचे. भालचंद्र वर्कशॉपमधला, मारुतराव ड्रायव्हर. एकानं गाड्या हाणायच्या आणि दुसऱ्यानं त्या दुरुस्त करायच्या, अशी बावीस वर्षं काढली आणि नोकरी संपल्यावर दोघांनीही गावची वाट धरली नाही. भालचंद्रानं पालमला शेड भाड्यानं घेतली. ‘फौजी अंडरकोटिंग’ असा बोर्ड लावला. मारुतरावानं एक पिकअप घेतली आणि पहाटे मंडीतून मासळी हॉटेलांना पोचवायचं काम धरलं. नंतर ती गाडी धुऊन त्याच गाडीतून बायकोला, गिरिजाला, पहाडगंजच्या मराठी शाळेत सोडायचा. ती तिथं तिसरीला शिकवते. गाडी कितीही धुतली तरी पोरं नाक उडवून विचारायची, ‘बाई, आज कौनसी मछली?’ बाई म्हणायच्या, ‘आधी मराठीत विचार, मग सांगते.’

आता मासळीची गाडी म्हटली की बर्फ आला, आणि बर्फ आला की खारट पाण्याची धार. बारा वर्षांच्या पिकअपचं पोट त्या पाण्यानं लालभडक झालं होतं. दिल्लीत अशा गाडीला पंधरा वर्षं पुरी करता येतात, पुढं ती रस्त्यावरून उतरलीच. मारुतरावाचं म्हणणं एवढंच, की उरलेली तीन वर्षं तिनं काढावीत. तेवढ्यात लेकीचं, वैभवीचं, इंजिनिअरिंग संपतं. म्हणून मागच्या सप्टेंबरात एका शनिवारी त्यानं गाडी पालमला आणून उभी केली. बुधवारी फिटनेसची तपासणी होती.

‘नलवडे, हिला तुझ्या हवाली केली,’ तो म्हणाला आणि मेट्रोनं परत गेला. काय करणार, कसं करणार, एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढं भालचंद्राला पुष्कळदा वाटलं.

अंडरकोटिंग म्हणजे गाडीच्या पोटावर मारायचा काळा, डांबरासारखा दाट फवारा. वाळला की रबरासारखा चिवट होतो. मारायला अर्धा तास लागतो. खरी मेहनत त्याच्या आधीची. आधी पाण्याच्या जोरानं चिखल काढायचा, मग दोन दिवस गाडी रॅम्पवर सुकू द्यायची, मग तारेच्या ब्रशनं गंजाचे पापुद्रे खरवडायचे, कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा आणि मग फवारा. ओल्यावर मारला तर ओल आत कोंडते, गंजावर मारला तर गंज. बाहेरून गाडी नव्या नवरीसारखी दिसते आणि आतून पत्रा खाल्ला जातो. हे भालचंद्राला कुणी शिकवायला नको होतं. तोच सगळ्यांना शिकवायचा. घाई करणाऱ्या गिऱ्हाईकाला तर हात जोडून दुसरं दुकान दाखवायचा.

शनिवारी त्यानं पिकअप धुतली. रविवारी सकाळी खाली शिरून पाहिलं, तर पत्रा अजून घामेजलेला. डाव्या सीटपुढच्या, पाय ठेवायच्या जागेखालचा भाग नीट दिसेना म्हणून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर टोक लोण्यात जावं तसं आत गेलं. तिथला पत्रा बदलायलाच हवा होता. चार दिवसांचं काम. फिटनेसची तारीख पुढं ढकलावी लागणार, हे जगदाळेला फोन करून सांगायचं, असं त्यानं ठरवलंसुद्धा.

तेवढ्यात फोन वाजला. गुरुग्रामहून त्यांचे जुने कर्नल साहेब. भालचंद्र रॅम्पखालून बाहेर आला आणि ताठ उभा राहून बोलू लागला. समोर कोण होतं? एक पिकअप आणि एक मांजर. पण साहेबांचा आवाज ऐकला की त्याच्या टाचा आपोआप जुळायच्या, त्याला इलाज नव्हता.

‘नलवडे, ड्राइवर के हाथ जीप भेज रहा हूँ. नीचे कोटिंग कर देना. कोई जल्दी नहीं है, आराम से.’

कोई जल्दी नहीं. साहेब स्वच्छ शब्दांत म्हणाले होते. जीप आठवडाभर शेडच्या बाहेर उभी राहिली असती तरी त्यांनी हूं की चूं केलं नसतं. पण साहेबांची गाडी बाहेर उन्हात आणि जगदाळेची रॅम्पवर, हे भालचंद्राच्या डोक्यात बसेना. रॅम्प एकच होता.

फौजेत राहिलेल्या माणसाला एक गोष्ट न शिकवता येते. मोठे साहेब येणार म्हटलं की गेरू आणि चुना निघतो. झाडांचे बुंधे, रस्त्याकडेचे दगड, जे जे हलत नाही ते रंगवायचं. आत काय मोडलंय ते मोडो, साहेबांच्या नजरेला पडता कामा नये. बावीस वर्षांत भालचंद्रानं किती गेरू फासला असेल याला गणती नाही. त्या रविवारी त्यानं तेच केलं. ओल्या पत्र्यावर, त्या मऊ जागेवरसुद्धा, काळा फवारा मारला. मऊ जागेवर दोनदा मारला. तासाभरात पिकअप खाली आणि जीप वर.

बुधवारी पिकअप फिटनेसमध्ये पास झाली. तपासणाऱ्यानं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘वाह, किसने किया है?’ हे सांगायला मारुतरावानं संध्याकाळी मुद्दाम फोन केला. भालचंद्र म्हणाला, ‘अरे, घरचंच काम.’ पुढं पत्रा बदलून देऊ, दिवाळीनंतर बघू, थंडी संपली की बघू, असं तो मनाशी म्हणत राहिला. दसऱ्याला गिरिजानं हळदकुंकू आणि नारळ आणून त्याच्या कॉम्प्रेसरची पूजा केली, तेव्हा त्यानं प्रसादाचा तुकडा तोंडात नुसता धरून ठेवला.

जुलैतल्या एका मंगळवारी दुपारी पिकअप पुन्हा शेडसमोर उभी राहिली. मारुतराव एकटाच उतरला. दाढी वाढलेली.

‘गिरिजाचा पाय गेला खालून,’ तो म्हणाला.

भालचंद्राला कळायला एक क्षण लागला. मग सगळं कळलं.

शाळेत जाताना पुलावर जाम होता. गाडी पावलापावलानं सरकत होती. सीटपुढं ठेवलेली वह्यांची पिशवी उचलायला गिरिजानं पाय रोवला आणि पाय पत्र्यातून थेट रस्त्याला लागला. फाटक्या पत्र्यानं पोटरी चिरली. अकरा टाके.

‘जाम होता म्हणून,’ मारुतराव म्हणाला. पुढचं दोघांनाही बोलायचं नव्हतं.

मग तो जे बोलला त्यानं भालचंद्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मारुतराव खाली मान घालून म्हणाला, ‘चूक माझी आहे यार. तू बजावलं होतंस, महिन्याला खालून गोडं पाणी मार म्हणून. मे आणि जून, दोन महिने मी मारलं नाही. तुझ्या कामाची माती केली मी. तुझ्याकडे यायला तोंड नव्हतं, म्हणून आधी नाक्यावरच्या रिंकू वेल्डरकडे गेलो. तर तो म्हणतो, जिसने किया उसने गीले पे मार दिया, धोखा किया. मी त्याची कॉलरच धरली. म्हटलं, हमारी युनिट का आदमी है, जबान संभाल के. दहा माणसं जमली.’

आत्ता, आत्ताच सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आले होते. आणि भालचंद्राच्या तोंडून निघालं, ‘होतं असं. जाऊ दे. गाडी इथं ठेव, मी बघतो.’

मारुतरावानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि गेला.

भालचंद्रानं पिकअप रॅम्पवर चढवली आणि खाली शिरला. भोकाच्या कडेचा काळा थर नखानं ओढला. तो साय निघावी तसा अख्खा निघाला, आणि आतून दहा महिने कोंडलेलं लाल पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. आता नवा पत्रा जोडला, वरून नीट वाळवून काळा मारला, की झालं. कुणालाही कधीही कळणार नव्हतं. कटर हातात घेऊन तो बराच वेळ खाली पडून राहिला. सगळ्यात जास्त लाज त्याला याची वाटली, की हा विचार आला तेव्हा आपल्याला हायसं वाटलं.

मग त्यानं कटर ठेवला, हात धुतले आणि मेट्रो पकडली.

मयूर विहारला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. गिरिजा खाटेवर पाय लांब करून वह्या तपासत होती. त्याला पाहून उठू लागली.

‘बसा वहिनी.’

‘बसलेच आहे की चार दिवस,’ ती हसली. ‘भावजी, यांना रागावू नका हं. दोन महिने गाडी धुतली नाही म्हणून स्वतःला खातायत नुसते.’

मारुतराव पाण्याचा तांब्या घेऊन आला. भालचंद्रानं तो घेतला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सांगून टाकलं. स्क्रूड्रायव्हर आत गेला ते, पत्रा ओला होता ते, फोन, जीप, मऊ जागेवर दोनदा मारलेला फवारा. आणि आज दुपारी माहीत असून गप्प बसलो, तेही. काही राखून ठेवलं नाही.

मारुतराव तांब्या धरून तसाच उभा होता.

‘साहेबांना घाई होती?’ त्यानं विचारलं.

‘नव्हती.’

गिरिजानं लाल पेनाला टोपण लावलं. ‘तेव्हा सांगितलं असतंत तर काय झालं असतं?’

‘चार दिवस गाडी शेडमध्ये राहिली असती.’

‘चार दिवस मी मेट्रोनं गेले असते, भावजी,’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात चुकलेल्या पोराला समजावताना असतो तसाच होता, आणि भालचंद्राला वाटलं, हिनं त्यापेक्षा हाणलं असतं तर बरं होतं.

‘मी पत्रा बदलून देतो. दोन दिवस वाळवून...’ त्यानं सुरुवात केली.

मारुतरावानं हातानंच थांबवलं. तांब्या टेबलावर ठेवला, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

‘रिंकू भाई? जगदाले बोल रहा हूँ, पिकअपवाला.’ तो खिडकीकडे तोंड करून बोलत होता. ‘उस दिन मैंने हाथ उठाया. गलती मेरी थी. आप सही बोल रहे थे, गीले पे ही मारा था. माफ करना भाई. कल गाड़ी आपके पास ला रहा हूँ.’

पलीकडून रिंकूनं काहीतरी विचारलं. मारुतराव वळला. त्यानं भालचंद्राकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, रागानं नाही, नुसतं ओळख पटवायला पाहावं तसं.

‘नहीं, नहीं,’ तो फोनमध्ये म्हणाला. ‘हमारी युनिट का नहीं था. था कोई.’

भालचंद्रानं पिकअपची किल्ली तांब्याशेजारी ठेवली आणि दारापाशी जाऊन चपला घालू लागला. डावी कुठली, उजवी कुठली, त्याला काही केल्या समजेना.