उष्टी नळी

भडक्याने आयुष्यात दोनच माणसांवर हात उचलला नव्हता. एक आई, दुसरा दादा. बाकी काचेच्या कारखान्यात त्याच्या हातचा प्रसाद न खाल्लेला माणूस शोधून सापडला नसता.

कारखान्याची रीत अशी, की भट्टीतली रसरशीत काच लोखंडी नळीच्या टोकावर घ्यायची, एकाने फुंकायची आणि दम संपला की दुसऱ्याच्या तोंडी द्यायची. भडक्या आणि त्याचा थोरला भाऊ दादा, दोघांची नळी एकच. नळीचं तोंड मात्र कुणी पुसायचं नाही. देताना पुसा की घेताना, ते समोरच्यावर थुंकल्यासारखंच. एका नव्या कारागिराने पुसली, तर भडक्याने तीच नळी त्याच्या थोबाडावर हाणली. दोन दात खाली पडले. वर हा शहाणा म्हणतो कसा, "आता पूस!"

मग दादाला जठराचा कॅन्सर निघाला. निम्मं जठर कापावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की एक जंतू पोटात वर्षानुवर्षं ठाण मांडून आतलं अस्तर सोलत होता. शिवाय गाठीत एक विषाणूही सापडला. दोन्ही तोंडातोंडी पसरू शकतात. सगळ्यांनाच कॅन्सर होतो असं नाही, पण सख्ख्या भावाने तपासून घ्यावं. वहिनीने भडक्याला ओढत नेलं. जंतू त्याच्याही पोटात होता. लहानपणी घरात शिरला की नळीतून आला, हे देवच जाणे.

"वेळेवर गोळ्या घेतल्या तर जंतू मरतो," वहिनी म्हणाली.

भडक्याने गोळ्या तिच्या अंगावर भिरकावल्या. "दादाचं उष्टं खाऊन मोठा झालो मी. आता ते विष झालं होय?"

जरा चालता आलं तसा दादा कारखान्यात आला. हाडांचा सापळा नुसता.

"गोळ्या घेतल्यास?"

"नाही."

"मर मग. आण ती नळी."

सगळे नको नको म्हणत असताना दादाने एकदाच फुंकलं. काचेने लहानसा फुगा धरला. मग त्याने सदऱ्याच्या टोकाने नळीचं तोंड घासून घासून पुसलं आणि नळी भावापुढे धरली.

भडक्याच्या डोक्यात सणक गेली. त्याची मूठ सरळ दादाच्या पोटात बसली, टाक्यांवरच. नळी उडाली, तापलेली काच भडक्याच्याच पायावर सांडली आणि कातडं जळल्याचा वास सुटला, पण त्याला शुद्ध कुठे होती! "मला पुसतोस? मला?" चौघांनी त्याला जमिनीवर दाबून धरला. दादाचा सदरा लाल होत चालला होता.

"गाढवा," दादा कण्हत म्हणाला, "तुला नाही रे, मला पुसलं. माझा जंतू गोळ्यांनी गेला. त्या विषाणूला गोळी नाही. तो तुझ्या तोंडात कसा घालू?"

भडक्या गुरासारखा हंबरला.

दवाखान्यात दादाचं पोट पुन्हा शिवलं. वहिनी बाहेर आली आणि तिने दिराच्या दोन्ही गालांवर काडकन वाजवल्या.

"शुद्धीवर आल्या आल्या पहिलं काय विचारलं त्यांनी? घेतल्या का गोळ्या, म्हणून."

तिने गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"वहिनी, अजून मार."

तिने पाण्याचा पेला पुढे केला.